मंजुरीस अधीन राहून : एका शिक्षिकेच्या सेवेतले 135 दिवस

मे 2016. दुपारी वळीव पडून गेला होता आणि आमच्या मंगळवार पेठेतल्या घरासमोर चिखल झाला होता. एक बाई आणि त्यांची मुलगी चपला हातात घेऊन आत आल्या. बाईंच्या कापडी पिशवीत सर्व्हिस बुकाच्या, म्हणजे नोकरीतल्या नोंदींच्या पुस्तकाच्या, झेरॉक्स होत्या, पेन्शनच्या कागदांतली त्रुटी दाखवणारं एक पत्र होतं आणि गरम पाण्याचा थर्मास होता. बोलताना त्यांचा आवाज मध्येच फाटायचा. दोन घोट पाणी घ्यायचं, मग पुढचं वाक्य. म्हणून बरंचसं मुलगीच सांगत होती.

मी शहरातल्या एका अनुदानित हायस्कूलमध्ये लिपिक होतो, शेवटची काही वर्षं मुख्य लिपिक. निवृत्त झाल्यावर ओळखीतले शिक्षक पेन्शनचे कागद दाखवायला येतात आणि मी बघून देतो. अशी बरीच प्रकरणं झाली. हे एक मात्र मी पानापानासकट लिहून ठेवलं होतं. प्रसूती रजा आणि पेन्शन यांचा मेळ कुठं बसतो आणि कुठं तुटतो, ते यात जितकं स्पष्ट दिसतं तितकं दुसऱ्या कुठल्या केसमध्ये मला दिसलेलं नाही. बाईंच्या परवानगीने लिहितो आहे. त्यांचं नाव, शाळेचं नाव देत नाही.

बाईंची नेमणूक 14 जून 1996 ची, सहायक शिक्षिका, विषय मराठी आणि इतिहास. जागा रिक्त होती, मान्यता पहिल्या दिवसापासूनची. 1 नोव्हेंबर 2005 च्या आधी नोकरीत आलेल्या असल्यामुळे जुनी पेन्शन लागू. वीस वर्षं साठ-साठ, सत्तर-सत्तर मुलांच्या वर्गात शिकवून घशाच्या गाठी झाल्या होत्या. डॉक्टरांनी एकदा शस्त्रक्रिया केली, पुन्हा गाठ आली. आता बोलणं कमी करा म्हणाले. शिक्षिकेनं बोलणं कमी करायचं म्हणजे नोकरी सोडायचीच. बाईंनी तसं ठरवलं आणि 28 मार्चला तीन महिन्यांची नोटीस दिली. 30 जून 2016 रोजी स्वेच्छानिवृत्ती.

हिशेब त्यांनी स्वतः केला होता. स्वेच्छानिवृत्तीला 20 वर्षांची अर्हताकारी सेवा, म्हणजे पेन्शनसाठी धरली जाणारी सेवा, लागते. 14 जून 1996 ते 30 जून 2016 म्हणजे 20 वर्षं आणि 17 दिवस. बसतंय.

त्रुटीच्या पत्रात लिहिलं होतं : असाधारण रजा (विनावेतन) 45 दिवस, अधिक 90 दिवस, एकूण 135 दिवस अर्हताकारी सेवेतून वजा. शिल्लक सेवा 19 वर्षे 8 महिने 2 दिवस. सबब स्वेच्छानिवृत्ती अनुज्ञेय नाही.

"सर, ते दिवस बाळंतपणातले आहेत," बाई म्हणाल्या. "दोन्ही वेळचे. मी काय घरी बसून सिनेमे बघितले नाहीत."

मुलगी शेजारीच बसली होती. बारावीची परीक्षा नुकतीच झालेली. त्यातलं पहिलं बाळंतपण म्हणजे ती स्वतः.

नियम काय म्हणतो ते आधी सांगतो. आमच्या लोकांत याबद्दल दोन टोकाचे गैरसमज आहेत. काहींना वाटतं प्रसूती रजा सेवेतून कापली जाते. काहींना वाटतं बाळंतपणाच्या नावाखाली घेतलेली कुठलीही रजा धरली जाते. दोन्ही चुकीचं. पेन्शनच्या नियमांत रजेचा कालावधी धरायचा की नाही, ते एका साध्या गोष्टीवर ठरतं. त्या रजेचं रजावेतन मिळत होतं का? मिळत होतं, तर तो काळ सेवेत धरला जातो. प्रसूती रजा पगारी रजा आहे, त्यामुळे ती पूर्ण धरली जाते. शिवाय ती रजेच्या खात्यातून वजाही होत नाही, अर्जित किंवा अर्धपगारी रजा जशी होते तशी. हयात अपत्यं दोनपेक्षा कमी असताना ती मिळते. 2009 पर्यंत ती 90 दिवसांची होती, तेव्हापासून 180 दिवसांची आहे.

असाधारण रजेचं वेगळं. ती विनावेतन असते आणि एरवी सेवेत धरली जात नाही. स्वतःच्या आजारपणाच्या वैद्यकीय दाखल्यावर मंजूर झाली असेल तर मात्र धरली जाते.

म्हणजे प्रश्न सरळ होता. हे 135 दिवस कुठल्या रजेचे? बाई म्हणतात बाळंतपणाचे. पुस्तक म्हणतं विनावेतन. पेन्शन पुस्तकावर ठरते.

मी झेरॉक्स बाजूला ठेवली आणि म्हटलं, मूळ सर्व्हिस बुक बघितल्याशिवाय मी एक शब्द बोलणार नाही. झेरॉक्समध्ये शाई कळत नाही, खोडाखोड कळत नाही, आणि कडेला पेन्सिलीनं लिहिलेलं तर उमटतच नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं शाळेत गेलो. सुट्टीमुळे शाळा ओस होती. ऑफिसात नवा लिपिक होता, तिशीतला पोरगा, मूळचा गारगोटीकडचा. त्यानं कपाट उघडून पुस्तक काढून दिलं. "बघा की सर निवांत. मी काय लिहिलेलं न्हाई त्यात, मी आलोय दोन हजार बारात," म्हणाला. खरंच होतं ते. ज्यांनी लिहिलं ते कधीच निवृत्त झाले होते.

पहिलं बाळंतपण. 3 डिसेंबर 1998 ते 2 मार्च 1999, 90 दिवस, प्रसूती रजा, आदेश क्रमांक, मुख्याध्यापकांची सही. नोंद स्वच्छ. या 90 दिवसांना त्रुटीच्या पत्रानं हातही लावला नव्हता. त्याखाली पुढची ओळ : 3 मार्च 1999 ते 16 एप्रिल 1999, 45 दिवस, असाधारण रजा, विनावेतन, वैयक्तिक कारणास्तव. 17 एप्रिलला, शनिवारी, सकाळच्या शाळेला बाई हजर झाल्या.

"वैयक्तिक कारण काय होतं?" मी विचारलं.

बाईंनी मुलीकडे बघितलं. मुलगी आठव्या महिन्यात झाली होती. वजन दीड किलोच्या आसपास. पेटीतून बाहेर आल्यावरसुद्धा दूध ओढत नव्हती. दर दोन तासांनी वाटी-चमच्यानं पाजायचं, दिवसा आणि रात्रीही. तीन महिने संपले तेव्हा बाई शाळेत जाण्याच्या अवस्थेत नव्हत्या, कारण लेकरू घरात ठेवण्याच्या अवस्थेत नव्हतं. त्यांनी डॉक्टरांचा दाखला जोडून रजा मागितली होती. तो दाखला फाइलला होता, मी वाचला. बाळाचं वजन कमी आहे, मातेने जवळ राहणे आवश्यक आहे, असं त्यात लिहिलेलं.

आणि इथंच ते 45 दिवस गेले. दाखला बाळाच्या प्रकृतीचा होता, आईच्या आजाराचा नव्हता. वैद्यकीय कारणाची असाधारण रजा म्हणायची तर जो रजेवर आहे त्याच्या आजाराचा दाखला लागतो. आठव्या महिन्यात बाळंत झालेल्या, दोन-दोन तासांनी उठणाऱ्या बाईला त्या वेळी कुणीही डॉक्टरांनी अशक्तपणाचा दाखला दिला असता आणि तो खरा असता. पण कुणाच्या डोक्यात आलं नाही. बाईंच्या तर नाहीच. त्यांच्या मनात त्या वेळी फक्त पोरीचं वजन होतं.

त्याहून मला जास्त टोचलं ते पुस्तकाच्या मागच्या पानावर, रजेच्या हिशेबात. मार्च 1999 मध्ये बाईंच्या खात्यावर अर्धपगारी रजा शिल्लक दिसत होती. प्रसूती रजेला जोडून दुसरी रजा घेता येते. ती अर्धपगारी घेतली असती तर निम्मा पगारही मिळाला असता आणि तेवढे दिवस सेवेतही धरले गेले असते. अर्जावर "विनावेतन" असं लिहिलेलं, खाली बाईंची सही. मजकूर ऑफिसातल्या अक्षरातला. म्हणजे लिपिकानं अर्ज लिहून दिला आणि बाईंनी सही केली. शाळांमध्ये असंच चालतं. मी स्वतः असे कितीतरी अर्ज लिहून दिलेत आणि समोरच्यानं न वाचता सह्या केल्यात. प्रत्येक वेळी मी मागचं पान उलटून शिल्लक रजा बघितली होती का, हा प्रश्न त्या दिवशी मला पडला. उत्तर मला आवडलं नाही.

रजेचा प्रकार बदलून घ्यायची विनंती हजर झाल्यावर लगेच करायची असते. सतरा वर्षांनी ती कुणी ऐकत नाही. मी बाईंना स्पष्ट सांगितलं, हे 45 दिवस सोडा. त्यांच्यामागे लागलात तर उरलेले 90 सुद्धा लटकतील.

मुलगी इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, "म्हणजे माझ्यामुळं गेले की ते." बाई तिच्यावर एकदम ओरडल्या. घसा असा असताना ओरडल्या. मग दोघी शांत झाल्या आणि मी पान उलटलं.

दुसरं बाळंतपण, मुलगा, 2002. पुस्तकातली नोंद जशीच्या तशी : "दि. 18.2.2002 ते दि. 18.5.2002, 90 दिवस, रजा (विनावेतन), मंजुरीस अधीन राहून." आदेश क्रमांकाची जागा कोरी. सही नाही, फक्त आद्याक्षर.

अठ्ठावीस वर्षं मी हेच काम केलं असल्यामुळे "मंजुरीस अधीन राहून" वाचल्यावर काय झालं असणार ते मला दिसलं. फेब्रुवारी-मार्च म्हणजे आर्थिक वर्षाची अखेर. बिलं वेळेत टाकायची घाई. बाईंचा अर्ज आला, पण मंजुरीचा आदेश निघायला उशीर झाला. आदेश नसताना पगार काढता येत नाही, म्हणून लिपिकानं तात्पुरतं विनावेतन दाखवलं आणि तसंच पुस्तकात उतरवलं. आदेश नंतर आला असेल, पुरवणी बिलानं पगारही निघाला असेल. पुस्तकात परत येऊन ओळ दुरुस्त करायची राहिली. चौदा वर्षं ती तशीच राहिली. मध्ये तीन मुख्याध्यापक बदलले, आणि दरवर्षीच्या सेवा पडताळणीचे शिक्के त्या ओळीवरून पुढे गेले.

"मला पगार मिळाला होता," बाई ठामपणे म्हणाल्या. "ऑगस्टात एकदम मिळाला. त्यातून आम्ही मिक्सर आणि पाळणा घेतला."

मिक्सर पुरावा होत नाही. कागद लागतो. आणि शाळा पंचगंगेच्या बाजूला, तळमजल्यावर ऑफिस. जुलै 2005 च्या पुरात पाणी खिडकीपर्यंत आलं होतं. जुनी पगार बिलं पोत्यात बांधून जिन्याखाली ठेवली होती. आम्ही ती काढली. बिलांचे गठ्ठे वाळून विटेसारखे झालेले, कागदाला कागद चिकटलेला, वास असा की मुलीनं ओढणी नाकाला लावली. नव्या लिपिकानं स्टीलची पट्टी आणली आणि एक एक पान सोडवायला बसला. पेनानं लिहिलेलं सगळं निळ्या डागात मिसळून गेलं होतं. कार्बनच्या प्रती मात्र टिकल्या होत्या. दीड तासानं 2002 चा गठ्ठा उलगडला आणि त्यात एक पुरवणी बिल निघालं. बाईंचं आडनाव, "प्रसूती रजा कालावधीतील वेतन", पुढे "18.2.02 ते". त्याच्या पुढचा कोपरा नव्हता. कोषागाराचा शिक्का म्हणजे एक जांभळा गोल, क्रमांक वाचता येत नव्हता.

अर्धा पुरावा. तो बघून मला एकाच वेळी बरं वाटलं आणि वाईटही.

मग मी परत सर्व्हिस बुकाकडे वळलो, कारण पुरावा बऱ्याचदा त्याच पुस्तकात असतो. वार्षिक वेतनवाढ बघा. 2006 पासून सगळ्यांची 1 जुलैला झाली, पण त्याआधी ज्याच्या त्याच्या नेमणुकीच्या महिन्यात असायची. बाईंची जूनमध्ये. असाधारण रजा वैद्यकीय कारणाशिवाय घेतली की वेतनवाढ तेवढे दिवस पुढे ढकलली जाते. 1999 मध्ये 45 दिवस होते, म्हणून 14 जूनची तारीख 29 जुलैवर गेली आणि महिन्याची पहिली तारीख धरून वेतनवाढ 1 जुलै 1999 ला दिली. पुस्तकात तशी नोंद आहे. 2000 ला 1 जुलै. 2001 ला 1 जुलै. आता 2002. फेब्रुवारी ते मे हे 90 दिवस खरोखर विनावेतन असते, तर तारीख आणखी 90 दिवस पुढे जाऊन ऑक्टोबरात पडली असती. पुस्तकात काय आहे? 1 जुलै 2002. 2003 ला पुन्हा 1 जुलै. वेतननिश्चिती तपासणाऱ्यांनीही ती मान्य केलेली.

म्हणजे ज्या पुस्तकानं एका पानावर म्हटलं की या दिवसांचा पगार नाही, त्याच पुस्तकानं पुढच्या पानावर ते दिवस पगारी धरून वेतनवाढ दिली होती. मी नव्या लिपिकाला दोन्ही पानं शेजारी ठेवून दाखवली. त्यानं बोटावर महिने मोजले, परत मोजले, आणि म्हणाला, "बाई, तुमचं झालं काम."

तरी मी त्याला थांबवलं. आणखी एक कागद हवा होता, आणि तो बाईंच्या घरी, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात मिळाला. भविष्य निर्वाह निधीची 2002-03 ची स्लिप. बाईंची वर्गणी महिना 500 रुपये. वर्षाची जमा 6,000, म्हणजे बारा हप्ते. मार्च, एप्रिल, मे या तीन महिन्यांचा पगार निघालाच नसता, तर नऊ हप्ते आणि 4,500 दिसले असते. पुरवणी बिलातून तीन हप्ते कापले गेले होते, म्हणून वर्ष पूर्ण भरलं. स्लिपा जपून ठेवणारी माणसं मला फार आवडतात. बाईंनी नोकरीतली एकूण एक स्लिप जपली होती, रबर लावून, वर्षाच्या क्रमानं.

आता दुरुस्ती कशी करायची, याबद्दल. शाळेचे मुख्याध्यापक भले माणूस होते. ते म्हणाले, विनावेतन शब्दावर व्हाइटनर लावू आणि प्रसूती रजा लिहून टाकू, कशाला वेळ घालवायचा. मी त्यांना हात जोडले. सर्व्हिस बुकात व्हाइटनर लागला की खरी नोंदही खोटी वाटायला लागते. मूळ ओळ तशीच ठेवायची, वाचता येईल अशी. कडेला लाल शाईनं दुरुस्तीची नोंद घ्यायची, तिच्यात कुठल्या कागदांवरून दुरुस्ती केली ते लिहायचं, मुख्याध्यापकांनी पूर्ण सही करून तारीख घालायची. सोबत मुलाच्या जन्माचा दाखला, मूळ अर्जाची प्रत, पुरवणी बिलाच्या उरलेल्या तुकड्याची साक्षांकित प्रत, वेतनवाढीचा तक्ता, स्लिप आणि संस्थेचा ठराव. वेतनवाढीचा तक्ता मी स्वतः करून दिला, 1999 ते 2003, एका पानात, दोन रकान्यांत : विनावेतन असते तर पडली असती ती तारीख, आणि प्रत्यक्ष दिलेली तारीख. तपासणाऱ्याला पन्नास कागद दिले की तो वाचत नाही. एक पान दिलं की वाचतो.

यात सगळ्यात धोक्याची गोष्ट वेगळीच होती, आणि बाईंच्या ती ध्यानात आलेली नव्हती. 90 दिवस परत आले तरी 45 वजा होणारच. म्हणजे 30 जूनला सेवा भरत होती 19 वर्षं 11 महिने 2 दिवस. अठ्ठावीस दिवस कमी. आणि नोटीस तर देऊन ठेवलेली. वीस वर्षं न भरता त्या तारखेला कार्यमुक्त झाल्या असत्या आणि पुढे कुणी त्याला राजीनामा ठरवलं असतं, तर? राजीनाम्यानं मागची सगळी सेवा जप्त होते. मग 45 दिवसांचा प्रश्नच उरत नाही, वीस वर्षंच जातात. स्वेच्छानिवृत्ती आणि राजीनामा हे शब्द बोलताना आपण एकमेकांच्या जागी वापरतो. कागदावर त्यांच्यात आयुष्याचं अंतर आहे.

म्हणून पहिलं काम दुरुस्तीचं नव्हतं, नोटीस मागे घेण्याचं होतं. ती ठरलेल्या तारखेच्या आत, मंजुरी घेऊन मागे घेता येते. बाईंनी ती मागे घेतली आणि 23 मेला नवी दिली. बाईंचे यजमान म्हणाले, 31 जुलै धरूया, तीन दिवस जास्तच भरतात. मी नको म्हटलं. एक तर तीन महिन्यांची नोटीस ऑगस्टात पुरी होत होती. आणि दुसरं, तीन दिवसांच्या जोरावर पेन्शन उभी करायची नसते. एखादी जुनी किरकोळ रजा कुठूनतरी निघाली की सगळं कोसळतं. 31 ऑगस्ट 2016 ठरलं.

एक पर्याय मी त्यांच्यासमोर ठेवला होता. उपदानाचा, म्हणजे ग्रॅच्युइटीचा, हिशेब सहामाहीवर चालतो, दर पूर्ण सहामाहीला महिन्याच्या पगाराचा पाव हिस्सा. तीन महिने किंवा अधिक उरले तर ती सहामाही पूर्ण धरतात. 31 ऑगस्टला चाळीस सहामाह्या, म्हणजे दहा महिन्यांचा पगार. 31 ऑक्टोबरपर्यंत थांबल्या असत्या तर वर तीन महिने भरून एक्केचाळीस, म्हणजे आणखी पाव पगार. बाईंनी थर्मासमधलं पाणी घेतलं आणि मानेनंच नाही म्हणाल्या. जून-जुलै-ऑगस्ट हे तीन महिनेसुद्धा त्यांनी शेवटच्या बाकावरच्या मुलीला पुस्तक मोठ्यानं वाचायला लावून आणि स्वतः फळ्यावर लिहून काढले. त्यांच्या जागी मी असतो तर मीही ऑक्टोबर म्हणालो नसतो.

दुरुस्ती जुलैमध्ये मान्य झाली. तपासणीला बसलेल्या गृहस्थांनी बाकीचे कागद चाळले आणि वेतनवाढीचं पान मात्र दोनदा वाचलं, असं लिपिकानं येऊन सांगितलं.

आज लागलेल्या मुलींची परिस्थिती वेगळी आहे, काही बाबतीत चांगली. रजा 180 दिवसांची आहे. 2018 पासून बालसंगोपन रजा आहे, पूर्ण सेवेत 180 दिवस, पगारी, मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत. 1999 मध्ये ती असती तर बाईंना "वैयक्तिक कारणास्तव" असं लिहावं लागलं नसतं. दीड किलोच्या पोरीला पाजणं हे वैयक्तिक कारण होत नाही, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. मे 2025 मध्ये तमिळनाडूतल्या एका सरकारी शिक्षिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं प्रसूती रजा हा स्त्रीच्या प्रजननविषयक हक्कांचाच भाग असल्याचं म्हटलं. वाचून बरं वाटलं. पण हक्क न्यायालयात मान्य होतो आणि रजा शाळेच्या ऑफिसात लिहिली जाते, एखाद्या घाईतल्या लिपिकाच्या हातून, मार्चअखेरीला.

2005 नंतर लागलेल्यांना वाटतं आपल्याला जुनी पेन्शन नाही तर सर्व्हिस बुकाशी काय देणंघेणं. त्यांचं तर जास्त आहे. त्यांच्या पेन्शनच्या खात्यात दर महिन्याला पगारातला हिस्सा आणि शासनाचा हिस्सा जमा व्हायचा असतो. प्रसूती रजेत पगार पुरवणी बिलानं उशिरा निघाला आणि त्यावरची कपात राहिली, तर शासनाचा वाटाही राहतो आणि पुढच्या पंचवीस-तीस वर्षांची वाढही. आपल्या घरी कुणी शिक्षिका असेल तर रजेवरून हजर झाल्या आठवड्यात तिनं दोन गोष्टी डोळ्यांनी बघाव्यात. सर्व्हिस बुकात "प्रसूती रजा" हे दोन शब्द आदेश क्रमांकासह आले का, आणि त्या महिन्यांची कपात खात्यावर दिसते का. सर्व्हिस बुकाची दुय्यम प्रत मागून घ्यावी आणि दरवर्षी भरून घ्यावी. मागायला संकोच वाटतो, मला माहीत आहे. पाळणा घरी आलेला असतो, झोप झालेली नसते, आणि ऑफिसात जाऊन "माझं पुस्तक दाखवा" म्हणणं उद्धटपणाचं वाटतं. तो उद्धटपणा नाही. पुस्तक तिचंच आहे.

ज्या शाळांमध्ये हे काम लिपिक करतात त्यांना, माझ्या जुन्या सहकाऱ्यांना, एवढंच सांगतो : "मंजुरीस अधीन राहून" असं लिहाल तेव्हा त्या पानाला कागदाची पट्टी लावून ठेवा आणि आदेश आल्याशिवाय ती काढू नका. आणि विनावेतन रजेचा अर्ज लिहून देण्याआधी मागचं पान उलटा.

बाई 31 ऑगस्टला, बुधवारी, निवृत्त झाल्या. पाच दिवसांनी गणपती बसले, आणि त्या वर्षी शिक्षक दिनही त्याच दिवशी होता. त्या दिवशी संध्याकाळी त्या आणि मुलगी मोदक घेऊन आल्या. बाईंनी पाटीवर लिहिल्यासारखं एका चिठ्ठीवर लिहून आणलं होतं, कारण डॉक्टरांनी महिनाभर बोलायचं नाही म्हणून सांगितलेलं. चिठ्ठीत सेवेचा शेवटचा हिशेब होता, पुस्तकातून उतरवून घेतलेला :

एकूण सेवा 20 वर्षे 2 महिने 18 दिवस. वजा असाधारण रजा 45 दिवस. अर्हताकारी सेवा 20 वर्षे 1 महिना 3 दिवस.

"45 दिवस" या शब्दांखाली मुलीनं पेन्सिलीनं रेघ मारली होती आणि पुढे स्वतःचं नाव लिहिलं होतं.